साठ ग्रे, तीस हप्ते : खर्ऱ्याच्या मुलुखातील किरणोपचाराचा इतिहास

#धागा

१/ गडचिरोलीच्या एखाद्या गावातील तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारासाठी नागपूरला जातो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर बहुधा एक छोटीशी ओळ असते : ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, ६ आठवडे. या तीन आकड्यांमागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे. त्या वादात पॅरिसचे मेंढे आहेत, स्टॉकहोमचा एक आलेख आहे, परळचे एक रुग्णालय आहे आणि दर पावसाळ्यात भामरागडला वेढणारी पर्लकोटा नदीही आहे. मित्रहो, आजचा धागा या एका ओळीचा.

२/ विदर्भातल्या गावांत किरणोपचाराला 'शेक' म्हणतात. 'त्याला तीस शेक दिले' असे वाक्य सहज कानी पडते. शब्द जिवंत आहे, पण फसवा आहे. १ ग्रे म्हणजे १ किलो ऊतीत शोषली गेलेली १ ज्यूल ऊर्जा. ६० ग्रेची सगळी मात्रा एकाच वेळी पाण्याला दिली, तरी ते पाणी अंशाच्या शंभराव्या भागाच्या दीडपटीइतकेही तापणार नाही. चहाच्या एका घोटाने शरीरात याहून कितीतरी अधिक उष्णता जाते. किरण मारतात ते तापवून नव्हे, तर पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडून.

३/ तुटलेले धागे सांधण्याची हातोटी निरोगी पेशीला अधिक असते, कर्करोगाच्या पेशीला कमी. किरणोपचाराचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे. म्हणून 'एकूण किती' या प्रश्नाइतकेच 'किती हप्त्यांत' आणि 'किती दिवसांत' हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. उरलेल्या दोघांची उत्तरे मिळायला शतक उलटले आणि त्यांची किंमत रुग्णांनी मोजली.

४/ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी वैद्यांनी ते किरण गाठींवर सोडून पाहिले. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम वेगळे ओळखले. हाती शस्त्र होते, पण तराजू नव्हता. त्वचा लाल होईपर्यंत किरण द्यायचे, हेच माप. तापलेल्या तव्यावर हात ठेवून आच ओळखावी, तसला हा प्रकार. त्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांनी स्वतःची बोटे गमावली.

५/ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दोन पंथ पडले. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या वैद्यांचे म्हणणे होते की गाठीला सावरायची संधीच देऊ नये. एकाच बैठकीत प्रचंड मात्रा द्यावी आणि विषय संपवावा. युक्तिवाद ऐकायला तडफदार होता. पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉडियस रेगो यांना तो पटत नव्हता.

६/ रेगो यांनी मेंढ्याच्या वृषणावर प्रयोग केले. वृषणात पेशी सतत विभाजित होतात, म्हणून ते झाले गाठीचे प्रतिरूप. वरची त्वचा हे निरोगी ऊतीचे प्रतिरूप. एकदम मोठी मात्रा दिली, तर मेंढा निर्बीज होण्याआधी किंवा होताना त्वचा जळून जाई. तीच गोष्ट अनेक दिवसांच्या हप्त्यांनी केली, तर मेंढा निर्बीज होई आणि त्वचा वाचे. १९२० च्या दशकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि हप्त्यांच्या उपचाराला पहिला शास्त्रीय आधार मिळाला.

७/ (जाता जाता : वृषण हे गाठीचे फारसे चांगले प्रतिरूप नव्हे, असे पुढच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणजे उपमा चुकली, पण अनुमान बरोबर निघाले. विज्ञानाच्या इतिहासात असे भाग्य क्वचितच कुणाला लाभते.)

८/ रेगो यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हे तत्त्व माणसावर आणले, आणि नेमके घशावर. स्वरयंत्राचा वाढलेला कर्करोग त्या काळी गळा कापून काढल्याशिवाय बरा होत नसे, अनेकदा कापूनही होत नसे. कुतार यांनी आठवडेच्या आठवडे, रोज थोडे थोडे क्ष-किरण दिले. १९२२ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी असे रुग्ण वैद्यकीय जगापुढे ठेवले, ज्यांचा आजार गेला होता आणि गळाही शाबूत होता. आज जगभर कोणत्याही अवयवाला हप्त्यांनी किरण दिले जातात, त्याची वाट घशातून निघाली आहे.

९/ कुतार बारकाईने पाहणारा माणूस होता. घशाचे अस्तर कितव्या दिवशी सोलवटते, कधी भरून येते, त्वचा त्यानंतर कधी काळवंडते, याची त्याने जणू दिनदर्शिकाच मांडली. मात्र त्याला जे दिसत होते, ते लवकरचे परिणाम. भरून येणारे. पाच-दहा वर्षांनी जबड्याच्या हाडात काय घडेल, हे त्या दिनदर्शिकेत मावणारे नव्हते.

१०/ मोजमापही दरम्यान सुधारत गेले. १९२८ मध्ये 'राँटगेन' हे एकक आले, १९५३ मध्ये 'रॅड', आणि १९७५ मध्ये 'ग्रे'. १ ग्रे म्हणजे १०० रॅड. हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे यांचे. प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या कामातून पक्की झाली. मोठ्या गाठीच्या आतल्या भागात रक्त पोहोचत नाही, प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून ती चिवट. उशिरा आलेल्या रुग्णात किरण का हरतात, याचे हे एक कारण.

११/ आता महाराष्ट्रात येऊ. १९३१ मध्ये मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा एका मराठी माणसाने सांभाळली : डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

१२/ खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग त्या मानाने विरळ असताना मुंबईच्या रुग्णालयात तो रांग लावून का उभा आहे, हा त्यांचा प्रश्न होता. कर्करोगाकडे त्यांनी माणसाच्या चालीरीतींच्या नजरेतून पाहिले : कोण काय चघळतो, कसे चघळतो. त्यांच्याही आधी, १९३३ मध्ये, त्रावणकोरमधील डॉ. ऑर यांनी पान-तंबाखूचा संबंध दाखवला होता. १९७२ मध्ये फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून काढलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा आकडा पुन्हा वाचा. संगणक नसलेल्या काळात लाखभर लोकांच्या तोंडात टॉर्च मारून पाहणे ही साधी बाब नव्हे.

१३/ तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनेत रुजली. १६०४ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापुरास गेला, तेथे त्याला ही नवलाची वस्तू दिसली आणि त्याने ती बादशहासाठी उत्तरेत नेली. दरबारी हकिमाने तेव्हाच आक्षेप घेतला होता. म्हणजे दिल्ली-आग्र्याला तंबाखूची ओळख झाली ती दक्षिणेतून. हा मान दख्खनेने मिरवावा असा नाही.

१४/ झाडीपट्टीत या पाहुणीने घेतलेले रूप म्हणजे खर्रा. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घेऊन पानटपरीवाला तो गिऱ्हाइकासमोर घोटून देतो. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा कारखान्यात तयार होतच नाही. तो टपरीवर, डोळ्यांदेखत जन्मतो. बायकांमध्ये दातांना नस घासण्याची चाल आहे. पाहुण्यापुढे पानदान सरकवावे तसा इथे खर्रा पुढे केला जातो. नाही म्हणणे उद्धटपणाचे ठरते. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दारूबरोबर तंबाखूलाही जिल्ह्याचा प्रश्न मानले. २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान तेच काम करते.

१५/ खर्ऱ्यात केवळ तंबाखू दोषी आहे, असा समज अजूनही आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीदेखील कर्ककारक ठरवली. सुपारीचा दुसरा गुन्हा त्याहून जुना आहे. १९५३ मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी एका विकाराला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिले. गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतुमय दोरखंड तयार होतात, गाल चामड्यासारखा ताठर होतो, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते.

१६/ ही खूण लक्षात ठेवा : तीन बोटे. निरोगी माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावतात. खर्रा खाणाऱ्या कित्येक तरुणांची दोनच मावतात, काहींचे एकच. हे कर्करोगाच्या आधीचे चित्र. पुढे याच तोंडावर किरण द्यायचे असतात.

१७/ युरोपातली गोष्ट अर्धी सोडली होती. १९४४ मध्ये, म्हणजे खानोलकरांच्या आढाव्याच्याच वर्षी, स्टॉकहोमच्या मॅग्नस स्ट्रँडक्विस्ट यांनी त्वचा आणि ओठाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरून एक आलेख काढला. उपचार जितके दिवस लांबतील, तितकी एकूण मात्रा वाढवावी लागते, आणि ते नाते लॉगच्या कागदावर सरळ रेषेत येते. १९६९ मध्ये ऑक्सफर्डचे फ्रँक एलिस यांनी त्यावरून सूत्र बांधले. आता कोणीही हप्ते मोठे करून संख्या कमी करू शकत होता. सूत्र सांगेल ती मात्रा द्यायची.

१८/ कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या रुग्णालयांना हे सूत्र वरदान वाटले. आठवड्याला पाच ऐवजी दोन-तीन मोठे हप्ते द्यावेत, यंत्र मोकळे होईल, रुग्णाच्या खेपा वाचतील. पहिले काही महिने सारे ठीक दिसे. त्वचा सावरे, अस्तर भरे. मग दोन-चार वर्षांनी माने-गळ्याचे स्नायू लाकडासारखे होत, हाड उघडे पडे, मज्जातंतू निकामी होत. सूत्र त्वचेच्या लालीवर बेतलेले होते. सावकाश बिघडणाऱ्या ऊतींचे त्यात काहीच नव्हते.

१९/ १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉडनी विदर्स आणि त्यांचे सहकारी यांनी या गोंधळाची उकल केली. शरीरात दोन स्वभावांच्या ऊती आहेत. तोंडाचे अस्तर भराभर बदलते. त्याचे नुकसान लवकर दिसते आणि लवकर भरते. हाड, मज्जातंतू, जोडऊती संथ असतात. त्यांचे नुकसान महिन्या-वर्षांनी दिसते आणि बहुधा भरत नाही. या संथ ऊतींना एकूण मात्रेइतकाच एका हप्त्याचा आकार झोंबतो. रोज २ ग्रे त्या निभावून नेतात. रोज ४ ग्रे दिले, तर एकूण बेरीज कमी असूनही पुढे पश्चात्ताप होतो. केसपेपरवरचे '३०' हे असे आले. ६० ला ३० ने भागा.

२०/ उरला तिसरा आकडा : ६ आठवडे. इथे आणखी एक चूक झाली होती, आणि ती दयेपोटी झाली होती. तिसऱ्या आठवड्यात रुग्णाचे तोंड आतून सोलवटते, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येते. म्हणून अनेक ठिकाणी ठरवूनच दोन-तीन आठवड्यांची सुटी देत. रुग्ण घरी जाई, अंगावर मांस धरे, परत येऊन उरलेले हप्ते पुरे करी. मात्रा तीच, हप्ते तेच. तरीही रोग अधिक वेळा उलटे.

२१/ १९८८ मध्ये विदर्स, टेलर आणि मॅसिएव्हस्की यांनी कारण मांडले. उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या कर्करोगपेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. तिथून पुढचा प्रत्येक दिवस जवळजवळ ०.६ ग्रे खाऊन टाकतो. म्हणजे दहा दिवस वाया गेले, तर सुमारे ६ ग्रे दिलेच नाहीत, असा हिशेब. सुटीने रुग्णाचे अस्तर सावरत होते, तशी गाठही सावरत होती. नंतरच्या अभ्यासांनी अंदाज बांधला की लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते.

२२/ मग उलट का करू नये? डेन्मार्कच्या येन्स ओव्हरगार्ड यांनी आठवड्याला पाचऐवजी सहा हप्ते दिले. मात्रा तीच, उपचार एक आठवडा आधी संपला. पाच वर्षांनंतर डोके-मानेतील रोग आटोक्यात असलेले रुग्ण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेले (२००३). हीच चाचणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने गरीब आणि मध्यम देशांतील ९०० रुग्णांत केली; २०१० मध्ये निकाल आला : ३० टक्क्यांवरून ४२ टक्के. तोंड येण्याचा तात्कालिक त्रास वाढला, उशिराचे दुष्परिणाम लक्षणीय वाढले नाहीत. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, फक्त शनिवारी यंत्र चालू ठेवायचे. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर निकाल वाटतो. (ज्यांचे तोंडाचे ऑपरेशन आधी झाले आहे, त्यांना या घाईचा असा लाभ दिसलेला नाही, पण खाडा न होऊ देण्याचा नियम त्यांनाही लागू आहेच.)

२३/ आणि इथे, या आलेखांवरून, आपण पुन्हा रस्त्यावर येतो. गडचिरोली ते नागपूर पावणेदोनशे किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्यात प्रवासी रेल्वे वर्षानुवर्षे एकाच स्थानकाला टेकली : वडसा. आलापल्लीहून साठेक किलोमीटर आत भामरागड, जिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. मुसळधार पावसात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढते आणि तालुका बाहेरच्या जगापासून तुटतो. जूनच्या अखेरीस सुरू झालेला सहा आठवड्यांचा उपचार संपतो ऑगस्टमध्ये.

२४/ आता विचार करा. रुग्ण रोवणीसाठी दोन दिवस गावी गेला. धानाचा मुलुख आहे; रोवणी चुकली की वर्ष चुकले. पूर आला, रस्ता बंद झाला, दोनाचे आठ दिवस झाले. हे रुग्णाच्या बेपर्वाईचे प्रकरण नाही. विदर्स यांच्या ०.६ ने गुणा : या नदीने त्याच्या मात्रेतून जवळजवळ ५ ग्रे काढून घेतले. डोके-मानेच्या किरणोपचारात अंतर हा वैद्यकीय घटक आहे, आणि तो कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर दिसत नाही.

२५/ शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून आता किरणोपचाराचा खर्च भागतो; एके काळी तो घर विकायला लावी. तरी सहा आठवडे परगावी राहणे, बरोबर एक माणूस ठेवणे, त्या दोघांची बुडालेली मजुरी, हा खर्च कुठल्याच आलेखात नसतो. दहा-पंधरा शेक झाले की तोंड येते, अंगात त्राण राहत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी, चौथ्या आठवड्याच्या तोंडाशी, घराची ओढ सर्वांत तीव्र होते.

२६/ नागपूरच्या ज्या रुग्णालयाकडे ही वाट अनेक वर्षे जात आली आहे, त्याचे नाव इतिहासप्रेमींनी मुद्दाम लक्षात ठेवावे : राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. तुकडोजी महाराजांचे चंद्रपूरच्या जंगलाशी नाते जुने. कोवळ्या वयात ते चिमूर परिसरातल्या रामदिघी-गोंदोड्याच्या रानात भटकले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले, त्यामागे त्यांच्या भजनांची ठिणगी होती असे इंग्रज सरकारचे मत होते. त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. खंजिरीवर गाणाऱ्या या माणसाचा अंत ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला झाला, कर्करोगाने.

२७/ यंत्रांविषयी थोडे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चे किरण प्रथम रुग्णांना दिले गेले. भारतासारख्या देशांत हे यंत्र फार उपयोगी पडले. वीज लपंडाव खेळत असली तरी ते काम देते. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र बनवले, त्यातले एक भारताने व्हिएतनामला भेट दिले. मात्र कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. स्रोत जुना झाला की प्रत्येक रुग्णाला यंत्राखाली अधिक मिनिटे ठेवावे लागते, दिवसाची रांग लांबते.

२८/ जुन्या पद्धतीत किरण दोन्ही बाजूंनी सरळ आरपार जात. वाटेत लाळग्रंथी आल्या तर आल्या. माणसाला रोज लिटर-दीड लिटर लाळ सुटते, हे ती असेपर्यंत कळत नाही. १९९९ मध्ये मिशिगनच्या अव्रहाम आइसब्रुख यांच्या गटाने दाखवले की कानाजवळच्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली, तर ती हळूहळू सावरते. त्यावर गेली की बहुधा कायमची आटते. लाळ आटली की कोरडा भात घशात अडकतो, माणूस पेज-आंबिलीवर येतो. दात मुळाशी किडून तुकड्यातुकड्यांनी गळतात, कारण त्यांना धुणारे कोणी उरत नाही.

२९/ किरणांचा आकार गाठीप्रमाणे घडवणारे तंत्र, आयएमआरटी, याने हे टळेल का? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ६० रुग्णांत रीतसर चाचणी केली (२०१२). उपचारादरम्यान लाळग्रंथींना मध्यम ते तीव्र त्रास जुन्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्क्यांना झाला, नव्या पद्धतीत ५९ टक्क्यांना. ब्रिटनच्या चाचणीतही वर्षभरानंतर कोरड्या तोंडाचे प्रमाण ७४ वरून ३८ टक्क्यांवर आले. रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. हे तंत्र अधिक जीव वाचवत नाही. वाचलेल्या जिवाला जेवू देते. माझ्या मते ही गोष्ट छोटी नव्हे.

३०/ हाडाचे दुखणे याहून वाईट. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुळात बेताचा. ६० ग्रेच्या पुढे त्या बारीक वाहिन्या बुजत जातात. मग वर्षांनी एखादा दात उपटला, तर ती जखम भरत नाही. हाड उघडे पडते आणि सडते. १९८३ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट मार्क्स यांनी याचे कारण प्राणवायू, पेशी आणि रक्तवाहिन्या या तिन्हींच्या दुष्काळात शोधले. म्हणून खराब दात किरणोपचाराच्या दोन-तीन आठवडे आधी काढतात, म्हणजे जखम भरायला अवधी मिळतो. गावाकडे दात दुखला की काढून टाकण्याची घाई असते. किरणोपचार झालेल्या माणसाने दहा वर्षांनीही आपले जुने कागद दाखवल्याशिवाय दात काढू देऊ नये.

३१/ मानेवर किरण पडले की थायरॉईडही हळूहळू मंदावते. थकवा, सूज, थंडी सोसवेना, आवाज जड. घरचे म्हणतात, कर्करोग परत आला. बहुधा तो परत आलेला नसतो. साध्या रक्तचाचणीत उमगेल आणि रोजच्या एका गोळीने सुधारेल असा हा आजार असतो. पण चाचणी करायला कोणी तरी सांगावे लागते, आणि उपचार संपून वर्ष-दोन वर्षे झालेला माणूस दूरच्या रुग्णालयात परत जातोच असे नाही.

३२/ आता १६ व्या कड्याकडे परत. तोंड न उघडणे हा किरणांचाही उशिराचा दुष्परिणाम आहे : चघळण्याचे स्नायू आणि जबड्याचा सांधा यांत तंतू साचतात. खर्ऱ्याने जे सुपारीतून केले, तेच किरण मात्रेतून करतात. शस्त्रक्रियेचा व्रण त्यात भर घालतो. ज्या माणसाची तीन बोटे मावत होती, तो दोनावर येतो. जो दोनावर होता, त्याच्या तोंडात चमचा आडवा जात नाही. पुस्तकातल्या दुष्परिणामांचे तक्ते बहुतेक युरोप-अमेरिकेच्या तोंडांवर बेतलेले आहेत. झाडीपट्टीतले तोंड उपचाराआधीच वेगळे असते.

३३/ म्हणून हप्ते कमी करता येतील का, हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आहे. मँचेस्टरमध्ये तीन-चार आठवड्यांत उपचार संपवण्याची परंपरा अनेक दशकांची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही ३३ हप्त्यांच्या ६६ ग्रेसमोर २० हप्त्यांचे ५५ ग्रे ठेवून चाचणी हाती घेतली. एलिस यांच्या सूत्राची चूक आता माहीत आहे. मात्रा कमी करून हप्ता किंचितच वाढवलेला आहे. भामरागडच्या रुग्णाला सहाऐवजी चार आठवडे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

३४/ दुसरा उपाय यंत्रच जवळ आणण्याचा. टाटा ट्रस्ट्स, महाराष्ट्र शासन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या सहभागातून चंद्रपुरात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. खनिज प्रतिष्ठानचा पैसा म्हणजे जमिनीखालच्या खनिजांचा पैसा, आणि चंद्रपुरात त्याचा अर्थ मुख्यतः कोळसा. चंद्रपूरच्या रुग्णाची नागपूरची दीडशे किलोमीटरची वाट याने वाचते. आलापल्ली-अहेरीकडच्यालाही हे नागपूरपेक्षा बरेच जवळ पडते. पर्लकोटेचा पूर मात्र चंद्रपूरच्या वाटेवरही तोच आहे.

३५/ आणि शेवटी एक साधे अवजार, ज्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. आकसणारे तोंड उघडे ठेवण्यासाठी रुग्णाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा देतात. पहिल्या दिवशी दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवायच्या, थोडा वेळ धरायच्या, दिवसातून अनेकदा. मग काही दिवसांनी मधोमध आणखी एक काडी सरकवायची. उपचार चालू असताना सुरू करायचे आणि नंतरही महिनोन्‌महिने सोडायचे नाही. गावी परतलेला माणूस सकाळी ओसरीवर बसून दातांत काड्या धरतो, तेव्हा तो त्या मोजत असतो : काल अकरा होत्या, आज बारावी जाते का.